एकवीस दिवसांत सहा बटणं

शिबिराच्या माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, 'आपलं मूल इथून स्वावलंबी होऊन घरी परतेल.' त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत, 'मुलांची नखं कापून पाठवावीत.' आता नखं कापण्यापुरतं स्वावलंबन ज्याचं त्यानं घरूनच आणायचं, तर एकवीस दिवस तिथं करायचं काय, असा प्रश्न एखाद्याला पडला असता. पण माहितीपत्रक वाचणाऱ्यांना प्रश्न पडत नसतात. त्यांच्या घरात सुट्टी लागलेलं मूल असतं.

या शिबिरात मास्तर सात उन्हाळे शिकवत होते. ते शाळेतले मास्तर नव्हेत, शिंपी. बसथांब्यामागच्या बोळात, घड्याळं दुरुस्त करणारा आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध त्यांचं दुकान होतं. आत मशीन, कापायचं टेबल आणि मास्तर एवढंच मावायचं. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून माप द्यायचं. चाळीस वर्षं अख्ख्या बोळानं त्यांना मास्तर म्हटलं आणि चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला सुईत दोरा ओवायलासुद्धा शिकवलं नाही. कुणी शिकायला आलंच तर पहिल्या वाकड्या टाक्याला मास्तरांच्या कपाळावर आठी चढायची आणि तोंडातून ठरलेलं वाक्य निघायचं, "राहू दे, मी करतो." काम हातातून काढून घ्यायचं, ब्लेडनं उसवायचं आणि स्वतः करून टाकायचं. शिकणारा दोन-चार दिवस बघत बसायचा आणि मग किल्ल्या बनवायला शेजारी जायचा.

अशा माणसाला शिबिरात शिकवायला नेलं, ते संचालिका मॅडमनी. मॅडम पूर्वी कुठल्याशा मोठ्या कंपनीत माणसांना हसायला शिकवायच्या. काउंटरवर बसून किती दात दाखवावेत, यावर त्यांचा अभ्यास होता. गळ्यात सदैव एक शिट्टी असे. ती त्यांनी वाजवलेली कुणी ऐकली नाही. कोट सैल करून घ्यायला त्या दुकानात आल्या, त्यांनी मास्तरांना बटण लावताना पाहिलं आणि तिथंच पायरीवर उभ्या उभ्या म्हणाल्या, "मास्तर, हे तर जीवनकौशल्य आहे!" मास्तर म्हणाले, "नाही हो, बटण आहे."

पण मॅडमच्या हाती लागलेलं बटण बटण थोडंच राहणार? त्याचं झालं 'वस्त्र-स्वावलंबन'. काकडी चिरणं म्हणजे 'आहार-आत्मनिर्भरता'. आपली चादर आपण घालणं हे 'परिसर-उत्तरदायित्व'. उन्हाळ्यात रिकाम्या पडलेल्या शाळेच्या वर्गांवर या पाट्या लागल्या आणि बेचाळीस मुलं आत सोडली. प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी एक जाड कापडाचा शर्ट मिळे, बटणांवाचूनचा. सहा बटणं त्यानं एकवीस दिवसांत आपल्या हातानं लावायची आणि शेवटच्या दिवशी तोच शर्ट घालून आईबापांसमोर उभं राहायचं. साडेतीन दिवसांना एक बटण. या वेगानं माणूस स्वावलंबी व्हायला निघाला तर लग्नाच्या वेळेपर्यंत त्याचे सगळे कपडे अंगावर राहतील, एवढी खात्री देता येत होती.

पहिल्या वर्षी मास्तरांनी मुलांनी लावलेली बटणं तशीच राहू दिली होती. समारोपाला प्रमुख पाहुण्यांनी एका गुटगुटीत मुलाला प्रेमानं पोटाशी धरलं, आणि त्याचं तिसरं बटण जे उडालं ते थेट पाहुण्यांच्या चहात. मुलाचा बाप उठून म्हणाला, "एकवीस दिवस काय केलंत मग?" मॅडमचं हसू शिकवल्याप्रमाणे जागेवर राहिलं, पण दुसऱ्या वर्षी त्यांनी मास्तरांना कोठीच्या खोलीत नेऊन हळूच सांगितलं, "मास्तर, मुलांनी लावलेलं तुम्ही जरा… बघून घेत जा." मास्तरांना आनंदच झाला. उभ्या जन्मात दुसरं केलंच काय होतं त्यांनी?

आणि हे एकट्या मास्तरांचं नव्हतं बरं का. मुलांनी घातलेल्या चादरी सफाईच्या बाई पुन्हा घालत. मुलांनी चिरलेली काकडी स्वयंपाकी कोंबड्यांना टाकी आणि दुसरी चिरी. मुलांनी उभारलेले तंबू पहारेकरी मेखा उपटून पुन्हा ठोकी. दुपारी दोन ते चार मुलं सभागृहात 'आत्मचिंतन' करत, म्हणजे घोरत, आणि तेवढ्या वेळात चार मोठी माणसं सबंध शिबिर उसवून पुन्हा शिवत. मुलंही काही दुधखुळी नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना खरं जीवनकौशल्य उमगलेलं असे: काम कसंही करून ठेवावं, चार वाजता ते आपोआप नीट होतं. मग ती दोऱ्याचा गुंता करून त्यावर बटण दाबत आणि खेळायला पळत. पालक येत, बटणं बघत, डोळे पुसत आणि पुढच्या वर्षी धाकट्याला पाठवत.

सातव्या वर्षी मात्र या सुरळीत कारभारात माशी शिंकली. मास्तरांची नात शिबिरात आली.

त्याआधी मास्तरांच्या मुलीचं सांगायला हवं. एकुलती एक. बायको लवकर गेली, तेव्हा शाळा सुटली की पोर दुकानातच येऊन बसायची. सोळा वर्षांची असताना तिला शिवणाची गोडी लागली. तिनं बाही शिवायची, मास्तरांनी उसवायची, असं दोन वर्षं चाललं. मग एकदा औषधवाल्याच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर तिनं एकटीनं केली. सबंध दिवस लावला. जाताना शर्ट हँगरला लावून दोनदा मागं वळून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी आली तर कॉलर मास्तरांच्या मांडीवर, निम्मी उसवलेली. "राहू दे, मी करतो," मास्तर म्हणाले. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून तिनं मशीनवर ठेवलं आणि पायरी उतरली. त्याला बावीस वर्षं झाली. आता ती पोस्टात काउंटरवर होती. आठवड्याला एकदा फोन करी. "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "बरं." बापलेकीचं संभाषण एवढंच, आणि त्यातही गोळ्या मास्तरांनी घेतलेल्या नसायच्या.

नातीला ती वर्षातून दोनदा आणी, आणि स्वतः शेजारी बसून राही. पण या उन्हाळ्यात नवऱ्याची बदली झालेली, पोरीला सांभाळणाऱ्या शेजारीणबाई गावाला गेलेल्या, तिची अगदी कोंडी झाली. शेवटी ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली, आत आली नाही. "शिबिरात घेऊन जा तिला. पण एक सांगते बाबा, तिच्या कामाला हात लावायचा नाही. वाकडं असू दे, तिरकं असू दे, तुटून पडू दे. तिचं ते तिचं राहू द्यायचं. नीट पार पडलं तर दर रविवारी पाठवीन तिला तुमच्याकडे. आणि हात लावलात, तर हे शेवटचं."

"लावतोय कशाला मी हात?" मास्तर म्हणाले. म्हणता म्हणता त्यांनी तिच्या ओढणीचा लोंबता दोरा दातानं तोडला होता.

दर रविवार. मास्तरांनी ते शब्द तोंडातल्या तोंडात घोळवले. रविवारी दुकान बंद. बावीस वर्षं त्यांचा रविवार भिंतीकडे बघण्यात जायचा.

नात दहा वर्षांची. पुढचा एक दात पडलेला, आणि त्या फटीतून प्रश्नांची रांग. वस्त्र-स्वावलंबनाच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसे आणि बाकीची पोरं बाहेर पळाली तरी बटणाशी झटत राही. तिचं पहिलं बटण काजाच्या समोर न येता बोटभर खाली बसलं. दुसरं इतकं घट्ट की कापड गोळा झालं. तिसरं तिनं स्वतःच चार वेळा काढलं आणि लावलं. आतल्या बाजूला वाटाण्याएवढाल्या गाठी. मास्तरांचे हात असे शिवशिवत, की ते उठून खिडकीशी जात आणि पाठीमागे हात बांधून मैदानातली धूळ बघत.

"आजोबा, गाठी टोचतात मला छातीला."

गाठ दोन कापडांच्या मध्ये कशी दडवायची, हे मास्तरांच्या जिभेवर आलं. दाखवलं असतं तर पोरीच्या आईनंही काही म्हटलं नसतं. पण दाखवणं आणि करून टाकणं यातला फरक मास्तरांना आजवर कळलेला नव्हता, आणि तो आजच कळेल असा भरवसा त्यांचा त्यांनाच नव्हता. "टोचू देत," ते म्हणाले. "टोचल्या की कळतं, आहेत ते."

"आणि माझ्या शेजारणीचं बटण काल वाकडं होतं, आज सरळ कसं काय?"

"होतात कधी कधी सरळ."

"मग माझं का नाही होत?"

मास्तरांनी सुई शोधायचं निमित्त करून टेबलाखाली डोकं घातलं.

नातीचा शर्ट त्यांनी एका कापडी पिशवीत घालून कोठीतल्या खुंटीला वेगळा टांगला होता. दुपारी दोन वाजले, की एकेचाळीस शर्टांचा ढीग पुढ्यात घेऊन बसायचे आणि पिशवीकडे पाठ करायचे. वीस दिवस हे व्रत त्यांनी पाळलं. इतका संयम त्यांनी आयुष्यात कशातही दाखवला नव्हता, आणि माहितीपत्रकात संयमाचा उल्लेख तिसऱ्याच पानावर होता. आपण सुधारलो, असंसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं. माणसाच्या मनात असं आलं, की समजावं, घोडं आता पेंड खाणार.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम अकराला. मुलांनी सहावं बटण आदल्या संध्याकाळी लावलेलं, म्हणून मास्तर सकाळी सातलाच कोठीत जाऊन बसले. रेडिओ लावला. शर्ट उचलायचा, ब्लेडनं उसवायचं, दोरा दुहेरी, चार टाके, बटणाखालच्या देठाला दोऱ्याचे तीन वेढे, गाठ आत दडवायची, शर्ट उजवीकडे. मध्ये एकदा ते तोंड धुवायला गेले. तेवढ्यात मॅडम आत डोकावून गेल्या. कार्यक्रमाच्या दिवशी मॅडमची नजर घारीची. खुंटीवरची पिशवी त्यांना दिसली, तिच्यात राहिलेला एक शर्ट दिसला, आणि त्यांनी तो कर्तव्यबुद्धीनं काढून ढिगात ठेवून दिला.

मास्तर परत येऊन बसले. हात चालू झाले. शेवटून तिसरा-चौथा शर्ट हाती आला आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. सहाच्या सहा बटणं वाकडी! "हा लबाड तीन आठवडे कसा काय सुटला माझ्या हातून?" ते पुटपुटले, आणि सहाही बटणं फटाफट उसवून अशी बसवली, की मशीननं लाजावं. शर्ट उजवीकडे ठेवताना कॉलरच्या आतला क्रमांक दिसला. एकतीस.

एकतीस नंबर नातीचा.

मास्तरांनी खुंटीकडे बघितलं तर पिशवी चपटी. समोरच्या फडक्यावर बाकीच्या कचऱ्यात त्या वाटाण्याएवढ्या गाठी पडलेल्या. त्यांनी त्या बोटानं वेचून तळहातावर घेतल्या. बारा गाठी होत्या. पोरीनं एकेका बटणाला दोन दोन मारल्या होत्या, भीती वाटून. "अरे मेल्या," मास्तर स्वतःला म्हणाले, "काय करून बसलास हे!" त्यांना बायको गेली तेव्हासुद्धा इतकं हताश वाटलं नव्हतं, कारण त्यात त्यांचा हात नव्हता.

दहाला पाच कमी. आता एकच मार्ग होता. आपलीच बटणं उसवायची आणि पोरीनं लावली होती तशी लावायची. एका शिंप्याला वाकडं शिवायला किती वेळ लागणार? मास्तरांनी पहिलं बटण लावलं. वाकडं झालं खरं, पण असं काही नेमकं वाकडं, की मापून लावल्यासारखं. दुसरंही तेवढंच वाकडं, त्याच बाजूला, त्याच अंतरावर. सहा लावून झाल्यावर ती शिस्तीत वाकलेली रांग बघून त्यांनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं ज्या सफाईची टिमकी वाजवली, ती आज जायला तयार नव्हती. जित्याची खोड, दुसरं काय!

मग त्यांनी सुई डाव्या हातात घेतली. आणि वाह! डाव्या हाताला एकसष्ट वर्षांत कुणी काही शिकवलेलं नव्हतं. एक बटण खाली गेलं, एक वर, एकाचं कापड गोळा झालं. दोनदा सुई बोटात घुसली. मास्तर घाबरेघुबरे होऊन, घामानं निथळत, आयुष्यातलं सर्वांत गचाळ काम करत होते आणि ते जमतंय म्हणून खूश होत होते. सहावं बटण लावून त्यांनी दोरा तोडला तेव्हा इस्त्रीवाली बाई शर्ट न्यायला दारात उभी होती.

समारोप थाटात झाला. प्रमुख पाहुणे यशस्वी कसं व्हावं यावर व्याख्यानं देत हिंडणारे गृहस्थ होते. ते चाळीस मिनिटं स्वतःबद्दल बोलले. मग एक मुलगा माइकसमोर येऊन म्हणाला, "या शिबिरानं मला स्वतःच्या पायांवर उभं केलं." तो बोलत असताना त्याची आई पायरीवर वाकून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती. टाळ्या कडाडल्या. बेचाळीस शर्ट ओळीनं उभे राहिले आणि पालक फोन उंच धरून पुढं सरकले. "बघा हो, आपल्या सोन्यानं लावलंय!" एक बाई नवऱ्याला म्हणत होती. मास्तर खांबाआडून ऐकत होते. एरवी या वाक्याला त्यांना गुदगुल्या व्हायच्या. आज त्यांचं सगळं लक्ष मागच्या दाराकडे होतं.

मुलगी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली, पोस्टाची पिशवी खांद्यालाच. नात धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. आईनं तिला हातभर लांब धरून शर्टाकडे बघितलं. सहाही बटणं वाकडी. मग तिनं मान वर करून खांबाकडे बघितलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर बापासाठी काहीतरी मऊ दिसलं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. रविवार त्यांना अगदी हाताशी आलेला दिसला.

"आई," नात छाती चोळत म्हणाली, "आज टोचत नाहीयेत गं."

"काय टोचत नाहीये?"

"गाठी. रोज टोचायच्या."

आईनं शर्टाच्या आत बोट घातलं आणि बटणपट्टीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. डाव्या हातानं टाके वाकडे घातले होते. पण गाठ दडवायची, हे मास्तरांच्या बोटांना कुणी सांगावं लागत नव्हतं. सहाच्या सहा गाठी दोन कापडांच्या मध्ये गुडूप. अशी गाठ मारणारा त्या गावात एकच माणूस होता, आणि ती गाठ ओळखणारी त्याच्या दुकानात वाढलेली होती.

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पोस्टात बोलतात तसा. "गाठी कुठं गेल्या?"

खोटं बोलायला जागा होती. होतात कधी कधी सरळ, असं म्हणता आलं असतं. पण नात तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होती, त्या पडलेल्या दाताच्या फटीसकट. मास्तर म्हणाले, "उसवली मी. नजर नव्हती, हात चालले. मग डाव्या हातानं पुन्हा लावली."

"डाव्या हातानं," मुलगी म्हणाली. "म्हणजे आता वाकडंसुद्धा तुम्हीच करणार? तिच्या वाट्याला तेवढंही ठेवलं नाहीत?" आणि पोरीकडे वळून, "चल. सामान आण तुझं."

पण पोर हलली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "सहा होती माझी! सहा! तिसरं तर मी चार वेळा लावलं होतं! आजोबा, तुम्ही वाईट आहात!"

"आहे," मास्तर म्हणाले. खिशातून त्यांनी रुमाल काढला. त्यात त्या बारा गाठी होत्या. फेकवल्या नव्हत्या त्यांच्यानं. पोरीनं त्या बघितल्या, नाक ओढलं, आणि एकदम सरळ पुढं येऊन त्यांच्या कॉलरला टोचलेली सुई काढून घेतली. मग त्यांच्या वरच्या खिशातली छोटी कात्री. अंगातला शर्ट डोक्यावरून ओढला, आतल्या बनियनवरच बाहेर सभागृहाच्या पायरीवर जाऊन फतकल मारली आणि आजोबांचे टाके कचाकच कापायला लागली. चाळीस वर्षांत मास्तरांचा टाका कुणी उसवला नव्हता. ते शेजारी बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर सगळं वजन टाकलं.

मॅडम लगबगीनं आल्या. "अगं बाळ, हे काय? आत फोटो आहे सगळ्यांचा!"

"बटण लावतेय ती, मॅडम," मास्तर म्हणाले. "सात वर्षांत पहिल्यांदा या शिबिरात कुणीतरी बटण लावतंय. लावू द्या."

मॅडमचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं. त्यावर काय करायचं, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नसावं. पायरीभोवती पाच-सहा मुलं जमली. एकानं आपलं बटण ओढून तोडायचा प्रयत्न केला, दोन्ही हातांनी, शेवटी दातांनी. निघेना. "आमची काही तुटतच नाहीत!" तो कुरकुरला.

दोरा दोनदा सुईतून निसटला. नातीनं एकदा आजोबांकडे बघितलं. मास्तरांनी आभाळाकडे बघितलं. मांडीखाली त्यांचे हात सुन्न होत आले होते. मुलगी समोर उभी होती. ती नातीचं बटण बघत नव्हती, बापाच्या मांड्यांखालचे हात बघत होती. तिसऱ्या खेपेला दोरा ओवला गेला, तशी ती खाली बसली, एक पायरी सोडून.

बऱ्याच वेळानं मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले, "ती कॉलर चांगली होती."

"कुठली?"

"औषधवाल्याची. टोकं बरोबर आली होती. माझ्याहून बरी बसली होती. उसवायला लागल्यावर कळलं. तोवर निम्मी हातात आली होती."

मुलीनं पोस्टाची पिशवी मांडीवर घेतली आणि तिचा पट्टा उगाच दोनदा गुंडाळला. "बावीस वर्षं लागली हे सांगायला?"

"लाज वाटत होती गं."

ती पायरीवरून उठली नाही. आत मॅडम मुलांना प्रमाणपत्रं वाटत होत्या; संवादकौशल्याचं वेगळं होतं, सोनेरी कडेचं. मुलं नाव पुकारलं की जात होती, घेत होती, परत येत होती.

बसची वेळ झाली तेव्हा एकच बटण लागलं होतं, मधलं. नातीनं शर्ट घातला आणि ते काजात अडकवलं. वरची दोन काजं उघडी, खालची तीन उघडी, उरलेली पाच बटणं खिशात. ती छाती पुढं काढून फाटकापर्यंत चालत गेली. फाटकाशी तिनं आजोबांना टाटा करायला हात वर केला, आणि बटण टुपकन खाली पडून फरशीवर गोल फिरत राहिलं.

कुणी हललं नाही. मास्तरांचा उजवा हात आपोआप कॉलरकडे गेला. सुई तिथं नव्हती, ती नातीकडेच राहिली होती. हात तसाच खाली आला.

नातीनं वाकून बटण उचललं, फुंकर मारली आणि खिशात टाकलं. "रविवारी लावते," ती म्हणाली, आणि मग आठवून आईकडे बघितलं.

आई बसकडे बघत होती. "रविवारी दुकान उघडता तुम्ही?" तिनं विचारलं.

"बंद असतं. पण उघडीन की!"

"नको. बंदच असू दे," ती म्हणाली. "घरीच येतो आम्ही."